वेळापत्रकात नसलेले थांबे

"बाबा, आज तुम्ही काहीही करायचं नाही. नुसतं बसायचं," लेकीनं सकाळपासून चौथ्यांदा बजावलं.

एकतीस वर्षं बस चालवून गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या माणसाला बसमध्ये नुसतं बसायला सांगणं ही शिक्षाच होती. पण बाबा खिडकीपाशी जाऊन बसले. ही बिनड्रायव्हरची बस लेकीनं बनवली होती आणि आज खऱ्या प्रवाशांसह तिची चाचणी होती. डेपोपासून स्टेशनपर्यंत चाळीस मिनिटांत, कुणाचाही हात न लागता पोचली, तर शहर अशा दोनशे बस घेणार होतं. नाहीतर दुसऱ्या कंपनीची बस दहा मिनिटं आधी त्याच रस्त्यानं निघालेली होतीच. लेकीची तीन वर्षं पाण्यात गेली असती.

मागे परिवहन खात्याचे साहेब घड्याळ हातात धरून बसले होते. बस निघाली ती अगदी झोकात. पहिला चौक पार झाला, दुसरा झाला आणि तिसऱ्यानंतर ती मधेच थांबली. दार उघडलं. गल्लीतून एक नर्स धापा टाकत आली.

"बरं झालं थांबलात, काका!" ती रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटला म्हणाली आणि दचकली.

"इथे थांबा आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर. काहीतरी गडबड झालीय," लेक कळफलक बडवू लागली.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. ती गल्ली त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. "बाळा," ते हळूच म्हणाले, "या बसला चालवायला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच! वर्षभर तुमच्या गाडीत कॅमेरे नव्हते का? म्हटलं, शहरात सगळ्यात शिस्तीचा ड्रायव्हर म्हणजे माझे बाबा."

बाबांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुढे बस शिंप्याच्या दुकानापाशी थांबली. मग काठी टेकत येणाऱ्या आजोबांसाठी थांबली आणि ते नीट बसेपर्यंत हललीच नाही. मग एका बिल्डिंगखाली उभी राहून तिनं दोनदा हॉर्न वाजवला. वरून एक बाई लगबगीनं खाली आल्या. हातात डबा होता.

"आई?" लेक किंचाळली.

"अगं, हॉर्न वाजला, हातातलं काम टाकून आले! हे निवृत्त झालेत तेच विसरले," आई म्हणाली. "बरं, डबा भरलेलाच आहे, घेऊन जा."

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. त्या नजरेपुढे एकतीस वर्षांची शिस्त कुठल्या कुठे गेली.

स्टेशनवर बस अकरा मिनिटं उशिरा पोचली. बाबा उठले आणि साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, पोरीची काही चूक नाही. गाडीला हे वाईट वळण मी लावलं. धावत येणारं माणूस दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. नापास करायचं तर मला करा."

साहेबांचं लक्ष दाराकडे होतं. ते उतरणारी माणसं मोजत होते. त्रेचाळीस भरली. शेजारी उभी असलेली दुसरी बस बरोबर वेळेवर आली होती. तिच्यातून सातजण उतरले होते.

"सातातली तीन माणसं तर त्यांच्याच कंपनीची आहेत," साहेब म्हणाले. "ती बस चुकलेली माणसं उद्या आपापल्या गाड्या काढतील आणि मग आम्ही उड्डाणपूल बांधत बसू." त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "मी स्वतः याच मार्गावर राहतो. सहा वर्षांपूर्वी एकदा इथल्या बसमागे चौकापर्यंत धावलो होतो. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि निघून गेला. त्याच आठवड्यात मी कार घेतली. आजतागायत बसमध्ये पाय ठेवला नव्हता."

साहेबांनी पेन काढलं आणि मंजुरीच्या कागदावर सही केली.

बाबा मात्र विचारात पडले होते. बोटांवर काहीतरी हिशेब करून शेवटी ते ठामपणे म्हणाले, "त्या दिवशी मी रजेवर असणार, साहेब."