पहिलं वर्ष माफ

लिफ्टमध्ये भेटल्यावर माणसं पाण्याची नाहीतर पार्किंगची तक्रार करतात. बाळारामशेठ विचारायचे, "मॅडम, कॅनडावाले किती माफ करतात?"

मी डोंबिवलीत बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवण्यात हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर घोडबंदर रोडच्या या टॉवरमध्ये राहायला आले. हा टॉवर शेठच्याच भातशेतीवर उभा आहे. त्यामुळे अठराव्या मजल्यावरसुद्धा ते स्वतःच्या बांधावर असल्यासारखे वावरतात. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात जाडजूड साखळी आणि तोंडी एकच विषय, नात मनस्वी.

मनू इंटरनॅशनल बोर्डाच्या शाळेत. तिथे सहा विषय असतात, त्यातले तीन वरच्या पातळीचे. त्यांत चांगले गुण पडले की परदेशातली काही विद्यापीठं म्हणतात, एवढं तुम्ही शाळेतच शिकलात, आता थेट दुसऱ्या वर्षाला या. शाळेतल्या कौन्सेलरबाईंनी हे पालकसभेत सांगितलं. बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या. शेठनी मात्र ते मनावरच घेतलं. चार वर्षांचा कोर्स, पोरगी तिनात घरी! "येक वरीस माफ!" दूधवाल्याला सांगून झालं, वॉचमनला सांगून झालं, नात्यातल्या एका हळदीत डीजे थांबवून माइकवरून सांगून झालं.

माझं डोकं फिरायचं. आमच्या पोरांना कुणी कधी काही माफ केलंय? मी म्हटलं, "अहो शेठ, पाया कच्चा राहील."

"पाया शालेन भरलाय, मॅडम. त्यांनी फकस्त स्लॅब टाकायचा."

बिल्डरांशी घासाघीस करण्यात त्यांचे केस पांढरे झालेले, त्यामुळे विद्यापीठही त्यांना बिल्डरच वाटायचं. ठाण्यात एका हॉटेलात परदेशी विद्यापीठांचा मेळावा होता. दुभाषी म्हणून मला ओढून नेलं. टेबलाटेबलावर गुळगुळीत पुस्तिका आणि फुकटची पेनं. शेठनी कशाला हात लावला नाही. एका गोऱ्या बाईंनी हसतमुखाने सांगितलं, आम्ही फक्त मार्क बघत नाही, संपूर्ण व्यक्ती बघतो. मी भाषांतर केलं. शेठ म्हणाले, "व्यक्ती आमी घरी बघलीय. माफीचा बोला. आन पोरीचा पझेशन कवा?"

पझेशनचं भाषांतर मी केलं नाही. कपाळावर हात मारून घेतला.

एका जगप्रसिद्ध विद्यापीठाने पहिलं वर्ष कुणालाच सुटत नाही म्हणून सांगितलं. शेठनी त्याला तिथेच बाद केलं. "येवरा मोठा नाव, आन मन येवरुसा!"

शेवटी कॅनडातलं एक विद्यापीठ पसंत पडलं. मनूचा निकाल लागला, झकास लागला. विद्यापीठाने कळवलं की अख्ख्या वर्षाची सूट मिळू शकते, हवी की नको ते विद्यार्थिनीने ठरवावं. 'ठरवावं' हा भाग कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर बॅनर! मनूचा भलामोठा फोटो, खाली हात जोडलेले शेठ. "कु. मनस्वी हिला परदेशी विद्यापीठाने पहिले वर्ष माफ केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" रिक्षावाल्याने मला हळूच विचारलं, "मॅडम, काय केलेलं हो पोरीनं?"

आणि त्याच दुपारी मनू माझ्याकडे. सोफ्यावर पाय घेऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, मला ते माफ नकोय. फर्स्ट इयरला सगळेच नवीन असतात, तेव्हाच फ्रेंड्स होतात. डायरेक्ट सेकंड इयरला गेले तर त्यांचे ग्रुप झालेले असणार. मी एकटी पडेन हो. पण आजोबांनी बॅनर लावलाय!"

"आईबाबा काय म्हणतात?"

"ते म्हणतात तुझं तू बघ. आजोबांना तुम्ही सांगा ना, प्लीज."

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची! गेले. शेठ गॅलरीत बसले होते, मनू माझ्या मागोमाग आलेली. मी सुरुवात केली, पण मनूनेच मला थांबवलं आणि आजोबांच्या पायाशी बसून त्यांच्या आगरी बोलीत सगळं सांगितलं. तिचं आगरी मी प्रथमच ऐकत होते. फाडफाड इंग्रजी बोलणारी पोर, पण काय गोड बोलली.

शेठनी बोटांवर मोजलं. मग, "म्हंजे चार वर्सां?"

"हां आजोबा."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमाला वाटला आसंल, म्हातारा फीसाठी नाचतंय." मला तसंच वाटत आलं होतं. "फीचा काय नाय वो. पोरगा न् सून घरान हिंदी, विंग्लिश. म्हातारी गेली तवापासून माझ्याशी माझ्या भाषेन बोलनारी ही येकलीच. तीन वर्सां मी कशीतरी काढली असती. चार म्हंजे..."

 मनू रडायला लागली. "मग मी घेते ना आजोबा माफ. घेते मी."

"गप!" शेठ एकदम खेकसले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येकला पडला म्हंजे काय व्हतं, ता मना ठाव हाय. तू कशाला येकली पडतंस? चारी वर्सां घे. लाव तो कंप्युटर, माझ्यासमोर सांग त्यांना, माफी नको म्हनून."

तिने लॅपटॉप आणला. त्यांच्या देखत सूट नाकारली. नाक पुसत आत गेली.

 निघावं म्हणून मी उठले. शेठ गॅलरीतून खालच्या ट्रॅफिककडे बघत होते. तसंच बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमाला आगरी येतं का वो?"

"नाही येत."

"हां. तुमी डोंबिवलीचं, पुस्तकी बोलनारं," ते म्हणाले.

मी परत खुर्चीत बसले. म्हटलं, "शिकवा."