मोहटोल्यात चवीपुरतं

वामनराव आणि कांताबाई यांनी रविवारच्या वारसा-चव सहलीला जायचं ठरवलं, यात गैर काहीच नव्हतं. वामनराव ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणसाने वारसा बघावा अशी रीतच आहे. सहल पोंभुर्ण्यापलीकडच्या मोहटोल्याला जाणार होती. मोहटोला म्हणजे कांताबाईंचं माहेर. आई गेल्यापासून त्यांचं तिकडे जाणं झालं नव्हतं, आणि आईच्या हातचा वडाभात काही त्यांच्या जिभेवरून गेला नव्हता.

बसमध्ये चढताना सहल काढणाऱ्या समितीच्या समन्वयक करिष्मा मॅडम प्रत्येकाला मूळ गाव विचारत होत्या. वामनराव जन्माने ब्रह्मपुरीकडचे. पण साहेबांसमोर वावरता वावरता त्यांनी आपली बोली घासून इतकी गुळगुळीत केली होती, की तीवर माशीही बसली नसती.

"पुण्याकडचे," ते म्हणाले.

"मी मोहटोल्याची," कांताबाई म्हणाल्या. मॅडमनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

मोहटोल्यात आधी जुनी पायविहीर दाखवण्यात आली. म्हणजे तिचा फलक दाखवण्यात आला. पर्यटकांमुळे पायऱ्या झिजतात म्हणून विहिरीला कुलूप होतं.

"आमी तं इथूनच पाणी नेत होतो," कांताबाई म्हणाल्या. "तवा नाई झिजल्या?"

"तेव्हा ती विहीर होती," करिष्मा मॅडम म्हणाल्या. "आता वारसा आहे."

मग जेवण. पळसाच्या पानावर प्रत्येक पदार्थ एकेक चमचा वाढण्यात आला. वामनरावांनी पान पुसून खाल्लं आणि आणखी भात मागितला.

"सर, ही जेवणाची सहल नाही, चवीची आहे," करिष्मा मॅडम समजुतीने म्हणाल्या. "पोट भरलं की चव कळत नाही, असं समितीचं धोरण आहे."

कांताबाईंना मात्र तो चमचाही मिळाला नाही. पर्यटकांच्या पंगतीत स्थानिक माणूस बसला की वातावरणाचा अस्सलपणा जातो, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि त्यांना मांडवातल्या जात्यावर बसवलं. लोक फोटो काढू लागले. बायकोचं असं प्रदर्शन वामनरावांना मुळीच पटलं नाही. तसं ते बोलणारही होते. पण उजेड चांगला पडला होता, म्हणून त्यांनीही एक फोटो काढला.

एवढ्यात चुलीपाशी राबणाऱ्या इंदुताई बाहेर आल्या. कांताबाईंची ही बालमैत्रीण.

"काऊन वं कांते, पाव्हण्यासारखी इथी बसून राह्यली? चाल अंदर, जेवाले!"

आतल्या पडवीत गावच्या बायका जेवत होत्या. तिथे धोरण पोचलं नव्हतं. भाताचा ढीग, त्यावर कुस्करलेले वडे, वरून कढत फोडणी. पहिल्या घासाला कांताबाईंचे डोळे भरून आले. "मायसारखंच केलं वं," त्या म्हणाल्या आणि पुढचा घास उचलला.

वास घेत घेत वामनराव दारापर्यंत आले. करिष्मा मॅडमनी त्यांना अडवलं.

"हा विभाग फक्त स्थानिकांसाठी आहे, सर."

"मीही स्थानिकच. ब्रह्मपुरीकडचा."

"सकाळी तर आपण पुण्याकडचे होतात."

"ते सवयीने आलं."

"मग जरा बोलून दाखवा."

वामनरावांनी घसा खाकरला. "मला… मले भूक लागून… राहिलेली आहे."

पडवी हसून लोळली. "हा तं रेडिओ बोलून राह्यला वं बाई!" इंदुताई म्हणाल्या.

वामनरावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. "मानूस माहाच आहे," कांताबाई घास गिळून म्हणाल्या. "पन हे बोलनं कोनाचं आहे, मले नाई मालूम."

निघताना त्या बसपर्यंत आल्या, पण चढल्या नाहीत. "तुमी जा. मी राह्यते जराशीक. इथी कोनी मले नीट बोल म्हनत नाई." वामनराव चढले. बस सुटली. वाटेत हॉटेलवर सगळ्या पर्यटकांनी नूडल्स खाल्ल्या आणि मोहटोल्याच्या अस्सल चवीला पाचपैकी पाच तारे दिले.

पुढच्या सहलीत स्थानिकांच्या पडवीत बसता यावं म्हणून ऊर्जानगरात बोलीचे वर्ग निघाले. शिकवायला पुण्याहून सर येतात. वामनराव पहिल्या रांगेत बसून "मले, तुले, त्याले" घोकतात. प्रगती समाधानकारक आहे.

परवा वर्गातून ते घरी आले, तेव्हा नात दारातच म्हणाली, "आबा, मले भूक लागली."

वामनरावांनी आधी तिच्याकडून 'मला भूक लागली आहे' असं नीट म्हणून घेतलं, मगच वाढलं. आपणही तेच केलं असतं. मुलांच्या भवितव्याचा प्रश्न असतो.