सेलमधला काळा पॅन

पॉलिशवाल्याच्या बायकोने तो पॅन आठ महिने दुकानाच्या काचेतून पाहिला होता. परदेशी कंपनीचा, जाड तळाचा, आतून-बाहेरून काळाभोर. तिच्या भावाकडे अगदी तसलाच होता. तिथे वहिनी तो दुसऱ्या कुणाला धुवायलाही द्यायची नाही, तान्ह्या बाळासारखी स्वतः आंघोळ घालायची.

शेवटी सेल लागला आणि बायको निम्म्याहून कमी किमतीत पॅन घेऊन आली.

"एकच उरला होता," ती म्हणाली. "शनिवारी दादा-वहिनी जेवायला येतायत, तेव्हा काढू." आणि खोकं तिने दारापाशी, नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीला चिकटून ठेवलं.

मागच्या सेलमधल्या कुकरला झाकण भलत्याच कुकरचं निघालं होतं, आणि त्यावरून पॉलिशवाल्याने तिला वर्षभर चिडवलं होतं. सकाळी त्याने खोकं हळूच उघडलं. पॅनच्या आत मधोमध काळ्याचे पापुद्रे उठले होते. फसली बिचारी, त्याला वाटलं. दुकानवाल्यांनी ह्यात काहीतरी करपवलं आणि तसाच गळ्यात मारला. यंदा चिडवायचं नाही, गपचूप चकाचक करून ठेवायचा.

वीस वर्षं तो नळाच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर होता. काळं दिसलं की काढायचं, एवढंच त्याला ठाऊक. जेवणाची अख्खी सुट्टी पॅन मशीनवर धरण्यात गेली. असलं चिवट काळं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, पण तोही हटला नाही. शेवटी पॅनमध्ये स्वतःच्या मिशा दिसल्या, तेव्हा त्याने मशीन बंद केलं.

मुकादम मागे येऊन उभा होता. "हे काय केलंस?"

"करपलेलं काढलं."

मुकादमाने पॅन उलटासुलटा केला. "करपलेलं नव्हतं रे ते. अन्न चिकटू नये म्हणून कंपनीच लावते. त्या काळ्यासाठीच तर लोक हा पॅन घेतात."

पॉलिशवाल्याने पॅन ओढून घेतला. "परत लावता येतं?"

"कंपनीला येतं."

संध्याकाळी तो दुकानात गेला. सेल संपला होता. नव्या पॅनवरची किमतीची चिठ्ठी वाचून त्याने तो दोन्ही हातांनी, श्वास रोखून, होता तिथे ठेवला. मग तो गेला गाड्या रंगवणाऱ्या दोस्ताकडे.

"ह्यात शिजवायचं नाही ना?" दोस्ताने फवारा हातात घेत विचारलं.

"नाही. नुसता दाखवायचाय."

शनिवारपर्यंत त्याला घास गोड लागला नाही. दाखवून झाल्यावर पॅन गायब कसा करायचा, ह्याचाच घोर. बायकोने मध्येच विचारलंही, "काही सांगायचंय का तुम्हाला?"

"नाही. तुला?"

"मला काय सांगायचं असणार?"

शनिवारी दादा-वहिनी आले. बायकोने सगळ्यांसमोर खोकं उघडलं आणि पॅनच्या आतून बोट फिरवून पाहिलं. पॉलिशवाल्याने खुर्चीची पाठ धरली.

"अहो," ती म्हणाली, "हा तो नाही." तिचे डोळे भरून आले होते. "त्याचे आतून पापुद्रे निघाले होते. म्हणून तर स्वस्तात मिळाला. तुम्ही चिडवाल म्हणून बोलले नाही. मुद्दाम पिशवीपाशी ठेवला. म्हटलं, तुमच्या हाताला राहवणार नाही, काळं घासून आणाल. आणि तुम्ही चक्क नवा आणलात?"

दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "भाऊजी, हे आपल्याला जमलं नसतं."

बावीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मिनिटभर तो खरंच ते कौतुक मिरवत राहिला. पण तिने पॅन शेगडीवर ठेवला, तेल ओतलं आणि लायटर उचलला.

"गॅस लावू नकोस," तो म्हणाला. "गाडीचा रंग आहे तो."

मग पॅन पोटाशी धरून, शर्टावर तेल सांडत, त्याने सगळं सांगितलं. मशीन, मुकादम, दोस्त, फवारा. कुणी हसेना, ह्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

बायकोने पॅनच्या कडेला नख मारलं. काळ्याखाली चंदेरी रेघ उमटली. "म्हणजे खाली चकाचक आहे?"

"तोंड दिसतं त्यात."

"मग सोमवारी परत काढून आणा," ती म्हणाली आणि रोजची जुनी कढई शेगडीवर चढवली. "आणि ह्या वेळी तिथेच थांबा."

निघताना दादा जिना उतरून गेला, तरी वहिनी चपला शोधत दारातच रेंगाळली.

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "सोमवारी एकच नेणार आहात का? आमच्या पॅनचेही पापुद्रे निघालेत. दोन वर्षं झाली. ह्यांना माहीत नाही. उगाच का मी तो कुणाला धुवायला देत नाही?"