आरशाशी भांडणारा शिंजीर आणि आरोपी साहेब

"आकाशातून पीस पडू दे. ते जमिनीला टेकायच्या आत मी सांगेन, कोणाचं आहे, त्याचं वय काय आणि तो घरी भांडून निघालाय का."

भावजी स्वतःची ओळख अशी करून द्यायचे आणि समोरचा मान डोलवेपर्यंत थांबायचे. आपल्यासारखा पक्षी-गुप्तहेर झाला नाही आणि होणे नाही, याबद्दल त्यांना काडीची शंका नव्हती. बाकी सगळ्या जगावर मात्र संशय होता. आयुष्यभर विमा कचेरीत लोकांचे दावे नामंजूर केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार.

त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा मेहुणा. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि त्याच्याकडे दुर्बीण होती, एवढाच त्याचा गुन्हा. गेल्या हिवाळ्यात त्यानं भावजींबरोबर तळ्याकाठच्या चिखलात बसून एक परदेशी बगळा अख्खी सकाळ न्याहाळला होता. वारा सुटला, बगळा उलटला आणि प्लॅस्टिकची पिशवी निघाली. "वेषांतर," भावजी म्हणाले होते.

या वेळचं प्रकरण मात्र मेहुण्याच्या जिवाशी आलं.

झालं असं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर फुलांची वेल होती आणि वेलीखाली मेहुण्याची स्कूटर. उन्हाळाभर एक चकचकीत निळा-काळा शिंजीर, जेमतेम अंगठ्याएवढा पक्षी, रोज येऊन स्कूटरच्या आरशातल्या स्वतःशी भांडायचा. भावजींनी छाती फुगवून पक्षीमित्र मंडळाला आमंत्रण दिलं, पाऊस सरला की पहिल्या रविवारी या, माझा शिंजीर दाखवतो. आणि पाऊस सरला तसा शिंजीर गायब. वेलीखाली काळी पिसं तेवढी सापडली.

"खून," भावजी म्हणाले.

पहिला संशय तारेवरच्या कोतवाल पक्ष्यावर आला. पण तो मजेत किडे खात होता, आणि गुन्हेगार एवढ्या निवांतपणे जेवत नाही असं भावजींचं मत पडलं. मग वेलीवर एक मळकट पिवळा पक्षी दिसू लागला. गळ्यावरून पोटापर्यंत काळी पट्टी.

"ही त्याची बायको. शोकाची फीत लावलीय बिचारीनं."

"भावजी, ती आरशाशी भांडतेय."

"नवरा गेल्यावर माणूस कोणाशीही भांडतं."

तिसरा संशयित स्कूटरच्या सीटवर घोरत होता. तो मेहुण्याचा बोका, साहेब. वय झालेलं, दात जेमतेम उरलेले. समोरून उंदीर गेला तर साहेब कूस बदलायचा. भावजींनी सीटवरचे केस चिमटीत धरले. त्यात एक काळं पीस अडकलं होतं. संपलं.

आरोपीवर पाळत ठेवायला भावजी खोटी मिशी लावून, खांद्याला टपालाची पिशवी अडकवून मागच्या दारानं आले. खिडकीशी त्यांच्या बायकोची आत्या बसली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन.

"जावईबापू, चहा टाकायला सांगू का?"

"ओळखलंत कसं?"

"डावा पाय घासत चालता की."

भावजींना हे मुळीच आवडलं नाही. मोतीबिंदूमुळे आत्याबाई साक्षीला अपात्र, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. ते त्यांनी आता पक्कं केलं.

निकाल लागला. रविवारी साहेबाची रवानगी गावाबाहेरच्या गोदामात. घर भावजींचं, मेहुणा वरच्या खोलीत राहणारा. बहीण म्हणाली, "तू तरी समजून घे रे. घरात कटकट नको." मेहुण्यानं समजून घेतलं, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. दुकान बंद करून आल्यावर जिन्यात आपली वाट बघणारं एवढं एकच कोणीतरी होतं, आणि त्याच्याविरुद्ध पुरावे शोधायला दुर्बीण आपलीच वापरली गेली, हे त्याला फार लागलं.

रविवारी मंडळी आली. झाकणाच्या टोपलीत साहेबाला बसवलं. भावजींनी घसा खाकरून खुनाची हकीकत सांगायला घेतली. तेवढ्यात खिडकीखाली स्कूटरच्या आरशावर टकटक झाली.

"आला बाई," आत्याबाई म्हणाल्या. "आज उशीर केलान."

"आत्याबाई, तो काळा होता. ही पिवळी बाई आहे."

"मला मेला रंग कुठे दिसतोय. पण उन्हाळ्यात हा दोनदा चोच आपटायचा, वेलीवर जाऊन चोच पुसायचा आणि पुन्हा भांडायला यायचा. अजून तेच करतोय. पिसं बदलली असतील त्यानं."

मंडळाच्या वयस्कर अध्यक्षीणबाईंनी मेहुण्याची दुर्बीण घेतली. "नरच आहे. विणीचा हंगाम संपला की चकाकी झडते आणि गळ्यावर ही पट्टी राहते. शिंजीर ओळखायला शिकताना पहिल्यांदा हेच सांगतात."

सगळे भावजींकडे बघू लागले. भावजींनी अजून न उतरवलेली खोटी मिशी दाबून बसवली.

"वेषांतर," ते म्हणाले. "मला पहिल्यापासून संशय होताच."

मेहुण्यानं घाईघाईनं झाकण उघडलं. साहेब आत गाढ झोपला होता, त्याला आपल्यावरच्या खटल्याचा पत्ताही नव्हता. मेहुण्याला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. त्यानं टोपली तशीच उचलली आणि जिना चढू लागला.

"अरे, टोपली गोदामवाल्याला परत द्यायचीय," भावजी ओरडले.

"राहू द्या हो साहेबाला घरातच," आत्याबाई म्हणाल्या. "आणि जावईबापू, मिशी काढा आता. चहात बुडेल."