कच्चा रंग

शिंप्याची दुसरी मेंढी मेली तेव्हा रंगारी हंड्यात कापड ढवळत उभा होता. बातमी शिंप्यानेच आणली आणि दुकानाच्या खिडकीतून आत टाकली.

"ढवळ. माझ्या घरातलं एकेक जातंय, तू ढवळ निवांत."

सकाळचे दहा वाजले होते. घरांमागच्या कुरणात, कुंपणाच्या आत, मेंढी आडवी पडली होती. मान फाटलेली. महिन्यातली ही तिसरी. पहिली गेली ती मास्तरीणबाईंची, पुढच्या दोन्ही शिंप्याच्या. रंगाऱ्याच्या सात मेंढ्यांना साधा ओरखडाही नव्हता, आणि याचे त्याला चारचौघांत फार वाईट वाटत असे.

मेलेल्या मेंढीपाशी मुकादम बसून होता. मुकादम म्हणजे रंगाऱ्याचा कुत्रा. वय नऊ, एक कान उभा, एक पडलेला. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा "तुम्हाला सोबत होईल" म्हणून हे पिल्लू आईबापांच्या गळ्यात मारून गेली. पुढे तिचे फोन कमी झाले, सोबत मात्र टिकली. मेंढ्यांच्या मागेपुढे तो असा चालायचा की गल्लीने त्याचे नाव मुकादम ठेवले. तिन्ही वेळा तो मेंढीपाशी असाच मान खाली घालून बसलेला सापडला होता.

"मुकं जनावर, पण किती लागलंय बघा जिवाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. मास्तरीणबाई निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती, पण बोलताना अजून वर्गाकडे पाहून बोलत. शिंप्यानेही मुकादमाच्या डोक्यावरून हात फिरवला.

संशय होता वीटभट्टीकडच्या पाच मोकाट कुत्र्यांवर. संशय म्हणजे काय, खात्रीच. ती दिसायलाच अशी होती की गल्लीत कुणाची चप्पल हरवली तरी आधी त्यांच्याकडे बोट जाई. गुरांचा डॉक्टर तरुण होता आणि तरुणपणामुळे थोडा न्यायी होता.

"पाचही मारायची नाहीत, काका. असलं काम एखादंच करतं. एकदा चटक लागली की मरेस्तोवर सुटत नाही. ते एक कुठलं ते शोधा, त्याला मी सुई देतो. बाकीच्यांचं पाप कशाला घ्यायचं?"

"शोधायचं कसं? विचारून?" शिंपी म्हणाला.

तेव्हा रंगाऱ्याने तोंड उघडले. उघडले नसते तर पुढचे काहीच झाले नसते. पण ज्याला चाळीस वर्षे एकच गोष्ट उत्तम येते, त्याला जगातल्या प्रत्येक अडचणीवर तीच आठवते.

"मी रंग लावतो मेंढ्यांना," तो म्हणाला.

त्याने समजावून सांगितले. मानेला आणि मागच्या मांड्यांना, लोकरीच्या मुळाशी, चरबीत कालवलेला रंग भरायचा. लाल नको, रक्तात कळणार नाही. काळा नको, निम्मी कुत्री काळीच. जांभळा. "वरून हात फिरवा, काही लागणार नाही. पण दात आत रुतले की संपलं. मग त्या कुत्र्यानं वर्षभर तोंड धुतलं तरी जाणार नाही. माझा रंग आहे तो."

"लागेल. सगळ्या गल्लीला लागेल," शिंपी म्हणाला.

या दोघांचे भांडण जुने होते. रंगारी रंगवी, शिंपी शिवी, आणि कुठल्याशा पांढऱ्या कॉलरवर कधीकाळी उतरलेल्या एका गुलाबी डागावरून चाळीस वर्षे दोघांची जुंपलेली होती. याचा रंग कच्चा, असे शिंपी मापे घेताना गिऱ्हाइकाला सांगे. कापड फाटेल पण रंग जाणार नाही, असे रंगारी त्याच गिऱ्हाइकाला सांगे. गिऱ्हाईक दोघांचेही ऐकून घेई, कारण गल्लीत तिसरा कुणी नव्हता.

दोन दिवसांत गल्लीतल्या चौदाही मेंढ्यांना रंग लागला. शिंपी पांढरे फडके घेऊन आला आणि एकेकीची मान घासत सुटला. कोरडे घासले, ओले घासले. फडके पांढरे ते पांढरेच. त्याने ते घडी घालून खिशात ठेवले आणि घरी गेला.

मास्तरीणबाईंनी ठराव लिहिला. अक्षर मोत्यासारखे. 'ज्या कुत्र्याचे तोंड जांभळे आढळेल, त्यास सुई देण्यात यावी.' रंगारी त्या दिवशी फुलून आलेला होता. त्याने पेन मागून घेतले आणि खाली स्वतःच्या हाताने जोडले, 'मग ते कुणाचेही असो.' सगळ्यांच्या सह्या झाल्या.

आठ दिवस काही झाले नाही. नवव्या दिवशी सकाळी शिंपी पुन्हा आला, पण खिडकीतून ओरडला नाही. दाराशी येऊन उभा राहिला.

"गाभण होती," एवढेच म्हणाला.

डॉक्टरला आणि मास्तरीणबाईंना बोलावले आणि चौघे तडक वीटभट्टीकडे निघाले. पाच बदनाम कुत्र्यांची तोंडे कशी उघडायची याचा विचार कुणी केलेला नव्हता. डॉक्टरने बिस्किटे टाकली. शिंप्याने दगड उचलला आणि मास्तरीणबाईंनी तो खाली टाकायला लावला. पण कसले काय. पाचही कुत्री शेपट्या पोटात घालून ओळीने बसली. एकाने तर मास्तरीणबाईंच्या पायावर डोके टेकवले. डॉक्टरने एकेकाचे ओठ वर करून पाहिले. तोंडे स्वच्छ. दोघांना तर धड दातही नव्हते.

"यांनी तर आमटीही चावली नसती," डॉक्टर म्हणाला, पण कुणी हसले नाही.

चौघे उन्हातून परत आले. कुरणाच्या फाटकाशी मुकादम वाट पाहत उभा होता. शेपटी हलवत तो धावत आला, आधी रंगाऱ्याच्या, मग शिंप्याच्या, मग सगळ्यांच्या पायाशी लोळला. नाकापासून डोळ्यांपर्यंत तो जांभळा होता. ओठ जांभळे, हिरड्या जांभळ्या, जीभ जांभळी. रंग इतका सुरेख चढला होता की दुसरे कुठले तोंड असते तर रंगाऱ्याने चारचौघांना दाखवले असते.

मास्तरीणबाईंनी ठरावाचा कागद पिशवीत खोल ढकलला. डॉक्टरच्या बॅगेत सुई भरून तयार होती, त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

तिन्ही वेळा मान खाली घालून बसलेला मुकादम रंगाऱ्याला एका क्षणात समजला. तो सुतकात बसलेला नव्हता. दमलेला होता.

"रंग कच्चा असेल," रंगारी म्हणाला.

"काय म्हणालास?" शिंप्याने विचारले.

"कच्चा असेल. वरवर सुटत असेल. यानं नुसतं चाटलं तरी लागला असेल. चाटतो तो मेंढ्यांना. मायेनं."

डॉक्टरने घड्याळ पाहिले. "काका, पलीकडं एक गाय अडलीये, ती सोडवून मी पाचला येतो. तेव्हा मेंढ्यांच्या माना ओल्या फडक्यानं घासून बघू. रंग सुटला तर कुत्र्याचा दोष नाही. नाही सुटला तर..." त्याने वाक्य पुरे केले नाही. "नियम तुमचाच आहे."

रंगारी घरी आला आणि हंड्याखाली जाळ केला. पाचच्या आत मेंढ्यांच्या अंगावर कच्चा रंग चढवायचा होता. काम सोपे होते, फक्त ते त्याला येत नव्हते. चाळीस वर्षांत त्याने कच्चा रंग कधी केलाच नव्हता. पहिला घाणा काढला, चिंधी बुडवली, नळाखाली धरली. पाणी नितळ. रंग पक्का करणारी तुरटी टाकायची नाही असे ठरवूनही हात आपोआप तुरटीच्या डब्याकडे गेला होता. दुसऱ्या वेळी डबा बाहेर नेऊन ठेवला. पण त्या हंड्याच्या अंगातच चाळीस वर्षांची तुरटी मुरलेली होती. चिंधी आधीपेक्षा सुंदर निघाली. तिसरा घाणा त्याने चिडून केला, आणि रागात त्याचा हात नेहमीच चांगला चाले.

दारात उभी राहून त्याची बायको हे पाहत होती. अंगणात मुकादम झोपला होता. झोपेत त्याचे पाय पळत होते.

"यानंच केलं ना?" तिने विचारले.

"माझा रंग खोटं बोलत नाही," रंगारी म्हणाला, आणि त्याला रडू आले. नऊ वर्षे ज्याच्या अंगावर हात ठेवून आपण झोपलो, त्याला स्वतःच्याच हाताने धरून द्यायचे, हे त्याला जमणार नव्हते. शिंप्याची गाभण मेंढीही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोन्ही खरे होते, त्यामुळे अधिकच वाईट वाटत होते.

"सरका," बायको म्हणाली. तिने मोरीतली प्लास्टिकची बादली घेतली, नळाचे गार पाणी सोडले, रंगाची पुडी फोडून टाकली आणि खिडकीबाहेर पाहत दोनदा काठी फिरवली. चिंधी बुडवून पिळली. पाणी जांभळे झाले, मोरी जांभळी झाली, तिचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले.

"तुला कुठून येतं हे?"

"त्यात काय यायचंय? मन नसलं की झालं."

दोघे कुरणात गेली. मुकादम पुढे धावला आणि त्याने नेहमीप्रमाणे मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा करून दिल्या. त्या एकमेकींच्या पोटात तोंडे खुपसून थरथरत उभ्या राहिल्या. आजवर रंगाऱ्याला ही शिस्त वाटत आली होती.

पाच वाजता डॉक्टर आला. शिंप्याने पांढरे फडके भिजवले आणि पहिल्या मेंढीच्या मानेवरून फिरवले. फडके जांभळे. दुसरी, जांभळे. तिसरीपाशी तर रंग त्याच्या मनगटावरून ओघळला.

"सुटतोय," डॉक्टर म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की गाय सोडवतानाही तो मनात हेच घोकत असावा.

"मग नुसतं चाटूनही लागला असेल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण ठराव रद्द करायला कारण द्यावं लागतं. तुम्ही लिहून द्या."

त्यांनी कागद काढला. रंगाऱ्याने 'मग ते कुणाचेही असो' याच्या खाली लिहिले, 'माझा रंग कच्चा होता.' आणि सही केली. मास्तरीणबाईंनी त्याला 'कच्चा'मधला दुसरा च नीट काढायला लावला.

डॉक्टर आणि मास्तरीणबाई गेले तरी शिंपी गेला नाही. त्याने फडके नाकाशी नेले, वास घेतला, बोटांत चुरगाळले.

"तुरटी नाही घातलीस," तो म्हणाला.

रंगारी ओघळलेला रंग पायाने मातीत मिसळू लागला.

"चाळीस वर्षं तुझं एकेक कापड मी शिवायच्या आधी रात्रभर बादलीत भिजत घालतोय. एकदा तरी पाणी रंगेल म्हणून. एकदाही रंगलं नाही." त्याने फडके पिळले. "मला शिकवतोस तुझा रंग कच्चा म्हणून?"

"माझ्या सातांतल्या तीन घेऊन जा."

"घेणारच आहे. मी निवडून घेणार. आणि उद्यापासून ते कुत्रं साखळीला पाहिजे मला. जन्मभर." तो फाटकापर्यंत गेला आणि थांबला. "गाभण होती रे," असे पुन्हा म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हापासून मुकादम दुकानाच्या दारात साखळीला आहे. मेंढ्या मरायच्या थांबल्या. वीटभट्टीकडची पाच कुत्री मास्तरीणबाईंच्या पायरीवर राहायला आली. शिंप्याचे तर फावलेच. येणाऱ्याजाणाऱ्याला तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून ऐकवू लागला, "याचा रंग कच्चा हां, लिहून दिलंय त्यानं." त्यावर रंगारी आतून "हो" म्हणे.

अडचण एकच राहिली. मुकादमाचे तोंड. रंगाऱ्याने साबण लावून पाहिला, राख चोळून पाहिली, रॉकेलचा बोळाही फिरवून पाहिला. चार महिने झाले, पावसाळा येऊन गेला, तोंड पहिल्या दिवशी होते तसेच जांभळे. दुकानात येणारा प्रत्येकजण त्या तोंडाला ओलांडून आत येई आणि कच्च्या रंगाविषयी हळहळून परत जाई. तोंडाविषयी कुणी अवाक्षर काढले नाही.

एकदा डॉक्टर मुकादमाला लस टोचायला आला. टोचून झाल्यावर त्याने स्पिरिटचा बोळा त्या ओठांवरून फिरवला, दाबून, दोनतीनदा. बोळ्याकडे पाहिले. मग तो पांढराशुभ्र बोळा मुठीत घेऊन खिशात घातला.

समोरच्या दुकानातून शिंप्याने मशीन थांबवले. "काय डॉक्टर, सुटतोय का रंग?"

"सुटतोय की," डॉक्टर म्हणाला.

शिंप्याने मशीन पुन्हा सुरू केले. रंगारी आत हंड्यावर वाकलेला होता. त्याने मान वर केली नाही.