गफूरशेठांची ढाल

गफूरशेठ समोर आलेला चहा लगेच पीत नाहीत. आधी सगळ्यांचे कप टेबलावर ओळीनं मांडतात, मान तिरकी करून पातळी बघतात आणि ज्याच्यात जास्त असेल त्यातला कमी असलेल्यात ओततात. मग तो दुसराच वरचढ होतो, त्यातला तिसऱ्यात जातो. हे होईस्तोवर चहा गार. कळंबच्या बाजारात त्यांच्या आडत दुकानावर गेलेल्या प्रत्येकानं गार चहा प्यायलेला आहे, पण कमी चहा कुणीच प्यायलेला नाही.

मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "सर, गरम-गार आपल्या हातात न्हाय. सारखं करणं आपल्या हातात हाय."

मी त्यांचा शेजारी. इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. भिंतीला भिंत असल्यामुळे त्यांच्या इन्साफाचा सगळ्यात जास्त ताप मलाच. ईदेला त्यांच्याकडे शिरखुर्म्याला गेलं की वाटी हातात पडायच्या आधी गफूरशेठ चमच्यानं तळ ढवळून बघतात, खारका सगळ्यांना सारख्या आल्यात की नाही. लग्नात तर ते पंगतीला बसतच नाहीत. वाढप्याच्या मागं मागं फिरतात आणि कोपऱ्यातल्या पाव्हण्याला बुंदी कमी पडली म्हणून त्याला परत पाठवतात. लग्न दुसऱ्याचं, बुंदी दुसऱ्याची, पाव्हणा अनोळखी. एका वाढप्यानं वैतागून झारा त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो आनंदानं घेतला आणि अख्खी पंगत वाढली. शेवटच्या पंगतीला बुंदी उरली नाही ती गोष्ट वेगळी.

असा हा माणूस सत्तरीला आला तरी रोज सकाळी पोहतो. गावाबाहेर व्यंकटआबांची विहीर आहे, तिथं. व्यंकटआबा हे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, शेतकरी माणूस, आडव्या हाडाचा आणि अबोल. गफूरशेठांशी जन्मभर दोस्ती केल्यावर अबोल होण्यावाचून गत्यंतरही नसावं. दोघं शेजारी शेजारी पोहतात. गफूरशेठ पोहताना बोलतात आणि व्यंकटआबा ऐकता ऐकता मागे पडतात, असा नेम आहे.

काही वर्षांपूर्वी धाराशिवच्या तलावावर प्रौढांच्या जलतरण स्पर्धा सुरू झाल्या. पाच-पाच वर्षांचे वयोगट, प्रत्येक गटात पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक, आणि सगळ्यांचे मिळून जास्त गुण होतील त्या संघाला करंडक. गफूरशेठांनी ताबडतोब कळंबचा संघ काढला. ते स्वतः, व्यंकटआबा, एक निवृत्त कंडक्टर, एक औषध दुकानदार, एक कापडवाले आणि संख्या भरायला मी. पहिल्या वर्षी आमच्या कंडक्टरांनी शिट्टी वाजल्याबरोबर विहिरीतल्या सवयीनं मुटका मारला. पंचांचे कपडे आणि कागद दोन्ही भिजले. तरी त्यांना तिसरा नंबर मिळाला, कारण गटात तिघंच होते.

करंडक मात्र दरवर्षी एकाच मोठ्या शहरातला क्लब घेऊन जायचा. ते बस भरून माणसं आणायचे. एक गट मोकळा सोडायचे नाहीत. त्यांच्यातले एक आजोबा ऐंशीच्या गटात एकटेच उतरले, कठड्याला हात लावत लावत पोचले, आणि संघाला पाच गुण झाले. आजोबांना पाण्याबाहेर काढायला हात गफूरशेठांनीच दिला, टॉवेल गुंडाळला, खुर्चीवर बसवलं आणि मग तडक पंचांकडे भांडायला गेले.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. "साहेब, आमच्या बाजारात तूर आली तर आमी पोती मोजून भाव करत न्हाय. पोती मोजू नका, दाणा बघा." सहा जणांनी मिळवलेले गुण आणि साठ जणांनी मिळवलेले गुण एका काट्यावर कसे घालता, हा त्यांचा सवाल. पंच म्हणाले, नियम आहे. नियम म्हटल्यावर गफूरशेठांच्या अंगात आलं. त्यानंतर स्पर्धेच्या सचिवांना त्यांनी इतके फोन केले, की त्या बिचाऱ्यानं नंबर बदलला. गफूरशेठांनी नवा नंबर मिळवून पहिला फोन केला तो नव्या नंबराबद्दल मुबारकबाद द्यायला.

सचिव तसा शहाणा माणूस. त्यानं विचारलं, गुणांना माणसांनी भागलं तर एखादा तरबेज पोहणारा एकटाच येईल आणि करंडक उचलून नेईल, तो काय संघ झाला? गफूरशेठ निरुत्तर झाले. मी त्यांना निरुत्तर झालेलं फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे ते दिवस मला शांततेचे गेले. पण एका सकाळी विहिरीत अर्ध्यावर थांबून ते ओरडले, की सापडलं. लहान संघांची वेगळी ढाल ठेवायची. चारपेक्षा कमी नाहीत, आठपेक्षा जास्त नाहीत, अशा संघांना आपसात लढू द्यायचं. मोठ्यांचा करंडक मोठ्यांना लखलाभ.

यंदा सचिवांनी ते मान्य केलं. गफूरशेठांनी बाजारात पेढे वाटले. प्रत्येकाला दोन, आणि दोन्ही सारख्या आकाराचे.

आता ही ढाल आम्हाला मिळणार, याची मला खात्रीच होती. लहान संघ तीनच होते, आणि आमच्याकडे गफूरशेठ होते. यंदा ते आणि व्यंकटआबा कागदावर दोघेही सत्तरीच्या गटात गेले होते. तिथं गफूरशेठ पहिले, व्यंकटआबा दुसरे, यात बदल होण्याचं कारण नव्हतं. पण जीपमध्ये गफूरशेठ गप्प होते. येडशी आली तरी बोलले नाहीत. मी समजलो, पोटात गडबड असेल.

तलावावर पोचलो आणि दुसऱ्या एका लहान संघाच्या कप्तानानं हरकत घेतली. त्याचं म्हणणं, कळंबच्या सहाच्या सहा माणसांची जन्मतारीख एक जून कशी? सहा जण एकाच दिवशी जन्माला आले काय?

पंच हसले. त्यांची स्वतःची जन्मतारीखही एक जूनच निघाली. आमच्या भागात हे सांगावं लागत नाही. शाळा जूनमध्ये भरायची, पोरगं आणून उभं केलं की गुरुजी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं, जन्म एक जूनचा. आईला विचारलं तर ती म्हणायची, ज्वारीच्या खळ्याच्या टायमाला झालं. त्यापेक्षा कान बरा. पंचांनी निकाल दिला, की कागदावर जे वय आहे तेच धरायचं, हरकत फेटाळली. कप्तान गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात गफूरशेठ खुर्चीवरून उठले. मला वाटलं आभार मानणार.

"साहेब," ते म्हणाले, "कागद खरा हाय. माणूस एका वर्सानं खोटा हाय."

पंचांना काही कळेना. गफूरशेठांनी सांगितलं ते असं. व्यंकट गुरं राखायचा, त्याला शाळेत घातलं तेव्हा तो नऊ वर्षांचा झालेला. हे गफूरशेठ त्या वेळी पाचाचे. व्यंकट शाळेत गेला म्हणून ह्यांनी घरी रडून गोंधळ घातला, तेव्हा बापानं त्याच दिवशी ह्यांनाही नेऊन उभं केलं. हात लांब होते, कान आरामात धरला. गुरुजींनी दोघांनाही सहा वर्षांचं करून टाकलं. म्हणजे कागदावर दोघं सत्तर. खरं म्हणाल तर व्यंकटआबा त्र्याहत्तर आणि गफूरशेठ एकोणसत्तर. व्यंकटआबांना त्यानं फरक पडत नव्हता, त्र्याहत्तर काय नि सत्तर काय, गट तोच. गफूरशेठ मात्र एका वर्षानं चुकीच्या गटात उभे होते.

पंच म्हणाले, अहो, कोणी विचारलंय का? गफूरशेठ म्हणाले, कोणी विचारलं नाही हे खरं. पण ढाल मीच मागून घेतलीय, ती खोट्यावर कशी घेऊ? पंचांनी हताश होऊन त्यांचं नाव खालच्या, पासष्टीच्या गटात लिहिलं. मला त्या वेळी गफूरशेठांचा मनापासून राग आला. मी वर्षभर ह्यांचा गार चहा पितोय, निदान ढाल तरी बघायला मिळावी की नाही?

व्यंकटआबांनी फक्त चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि पाण्याकडे निघाले.

सत्तरीच्या गटात व्यंकटआबा पहिले आले. आयुष्यात प्रथमच. आमच्या कंडक्टरांनी एसटीची डबल घंटा मारल्यासारख्या शिट्ट्या घातल्या. पासष्टीच्या गटात गफूरशेठ चौथे आले. चौथ्याला गुण नसतात. बाकीच्यांनी जमेल तसं केलं, मीही एक तिसरा नंबर काढला, पण शेवटी बेरीज झाली आणि ढाल दोन गुणांनी हुकली. ती नेली हरकत घेणाऱ्या कप्तानाच्या संघानं. गफूरशेठ त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवत होते. सचिव मुद्दाम येऊन त्यांचा हात हातात घेऊन गेला.

परतताना येडशीच्या फाट्यावर चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं, रामलिंगाच्या बाजूनं बरं वारं येत होतं. बाकीचे भज्यांच्या गाड्याकडे गेले. बाकावर आम्ही तिघंच उरलो, मी आणि हे दोघं दोस्त. गफूरशेठांचा चेहरा उतरलेला बघून माझा राग केव्हाच गेला होता. मी म्हटलं, शेठ, मनाला लावून घेऊ नका, ढाल पुढच्या वर्षी आणू.

"ढालीचं काय न्हाय, सर," ते म्हणाले. "ढाल ठेवली त्यांनी, हेच लई झालं." पोहताना अर्ध्यावर श्वासाला मान वळवली, म्हणाले. सवयीनं. मान वळवली की तिकडं व्यंकट दिसतो. आज तिथं कोण एक लाल टोपीवाला होता. तिथंच हातातलं बळ गेलं.

मग त्यांनी हिशोब मांडला. तो त्यांनी सकाळी जीपमध्येच मांडून ठेवला असणार, हे मला तेव्हा समजलं. पुढच्या वर्षी ते खरोखर सत्तरीत येतील. व्यंकटआबा तेव्हा चौऱ्याहत्तर. म्हणजे एक वर्ष दोघं शेजारी शेजारी. त्याच्या पुढच्या वर्षी आबा पंच्याहत्तरीच्या गटात जाणार, आणि मग पुढची चार वर्षं हे एकमेकांच्या मागं-पुढं.

"पाचात एकच साल हाय आपल्याला, व्यंकट्या," गफूरशेठ म्हणाले. आवाज ओला झाला होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

व्यंकटआबांनी बशीतला चहा संपवला. मी त्यांच्या तोंडून एका वेळी इतकं कधी ऐकलं नव्हतं.

"म्या न्हाय जायचा पंच्याहत्तरीत. कागदावर म्या सत्तरच हाय. चार सालं तुझ्याच गटात ऱ्हाणार."

"आरं, पर ते खोटं हाय. तितं वर गेलास तर तुला दरसाल पहिला नंबर हाय. माझ्या गटात ऱ्हायलास तर दुसरा."

"व्हय."

"मग बेइन्साफी हाय की ही."

"कुणावर? माझ्यावरच ना?" व्यंकटआबा म्हणाले. "तुझ्या खोट्यानं दुसऱ्याचं गेलं असतं, तू बोललास, बरं केलंस. माझ्या खोट्यानं माझंच जातंय. जाऊ दे. म्या तिकडं एकट्यानं पवून काय करू?"

गफूरशेठांनी बोलायला तोंड उघडलं. त्यांच्याकडे याला नक्कीच उत्तर होतं. असल्या प्रश्नांना त्यांच्याकडे नेहमीच असतं. पण त्यांनी तोंड मिटलं, टॉवेलनं डोळे पुसले आणि बाकावर व्यंकटआबांच्या बाजूला थोडं सरकून बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या बुंदीसाठी भांडलेल्या या माणसाला, डोळ्यांदेखत होत असलेला अन्याय गुपचूप पदरात घेताना मी पहिल्यांदाच बघत होतो.