वर्तककाकांचे स्वीडनचे बुवा

‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की स्वीडनचे थोर गीतकार-गायक, आमचे बुवा, यांचे निधन झाले. त्याला बरीच वर्षे लोटली, पण पुण्यतिथी आज आहे. संध्याकाळी पाचला यावे. शिरा आहे.’

जपानमधल्या हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीच्या ग्रुपवर वर्तककाकांचा हा संदेश झळकला आणि एकच गोंधळ उडाला. कोण बुवा? कोणी म्हणे काकांचे गुरू, कोणी म्हणे सासरे. खालच्या मजल्यावरच्या सातो आजी तर संदेशाचं फोनवर जपानी भाषांतर वाचून, काळा पोशाख करून, उदबत्त्या घेऊनच आल्या. काकांच्या घरी मांडलेल्या फोटोतल्या दाढीवाल्या, गिटारवाल्या गोऱ्याला त्यांनी वाकून नमस्कार केला. लगेच हातात शिऱ्याची वाटी आली.

“दुखवट्याला गोड?” त्यांनी मला हळूच जपानीत विचारलं. मी काय सांगणार? माझी दुसरी वाटी चालू होती.

काका विधुर. सगळी नोकरी जपानात झाली, आता एकटेच राहतात. स्वीडिशमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण व्याख्यान जोरात!

“बुवा गिटार घेऊन बंदरोबंदरी हिंडले. खलाशी, पाऊस, तळलेले मासे, कशावरही गाणी केली. आज तिकडे बालवाडीपासून वृद्धाश्रमापर्यंत तीच गातात. हे तर सगळ्यांना ठाऊक आहे!”

हे त्यांचं पालुपद. कचरा चुकीच्या वारी ठेवून शेजाऱ्यांची बोलणी खातानाही ते हेच म्हणतात. ‘मला येत नाही’ हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

“पण काका, एवढा खटाटोप कशाला?” मी विचारलं.

काकांनी फोटोला टेकवलेल्या टॅबकडे पाहिलं. आवाज एकदम उतरला.

“लेक स्वीडनला असते ना. नात, इरा, पाच वर्षांची. मराठी येत नाही तिला. मी ‘जेवलीस का’ म्हटलं की पळून जाते. म्हटलं, बुवांचं गाणं तरी येत असेल.”

तेवढ्यात टॅब वाजला. पडद्यावर इरा, निम्मी खुर्चीवर, निम्मी पळायच्या तयारीत. काकांनी बुवांचं पाठ केलेलं गाणं सुरू केलं. चाल भैरवीतली, उच्चार सदाशिव पेठेतले.

इरा थांबली. कपाळाला आठ्या घातल्या. मग खो खो हसली आणि बरोबर चालीत स्वतःच गाऊ लागली. सातो आजींनी टाळ्यांचा ठेका धरला. पहिलं कडवं संपलं. इरा दुसऱ्यात शिरली, काका मात्र अडकले. ती थांबून वाट बघू लागली.

काकांनी नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं आणि ओरडले, “पुढचं मला येत नाही गं! तूच म्हण!”